सेंट ऑल्डेल्मच्या सहा घंटा

कांचन राजोपाध्ये ऑगस्टमध्ये रिटायर झाली आणि सप्टेंबर संपायच्या आत तिने घरातला प्रत्येक कप्पा दोनदा आवरून टाकला. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्यात तिची उभी नोकरी गेली होती. आता तपासायला उरल्या होत्या त्या फक्त मसाल्याच्या पाकिटांवरच्या तारखा. अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या त्या मोठ्या घरात ती आणि तिचा नवरा राजीव, दोघंच. मुलगी ऋता ॲन आर्बरला रिसर्च करत होती आणि आईचा फोन दिवसात तिसऱ्यांदा आला की म्हणायची, "आई, तू एखादा क्लास का नाही जॉइन करत?"

राजीव तिच्या आधीच रिटायर झाला होता आणि त्याचं छान चाललं होतं. त्याला जुन्या इमारतींचं वेड. रस्त्याच्या कडेला इतिहासाची पाटी दिसली की तो गाडी थांबवणार, उतरून पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार आणि गाडीत बसलेल्या माणसाला ती पुन्हा सांगणार. गाडीत बसलेलं माणूस म्हणजे अर्थात कांचन.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दोघं उपासाची रताळी आणायला शेतांच्या भागात निघाले होते. घरापासून तासभर अंतरावर राजीवने अचानक ब्रेक मारला.

"पुन्हा पाटी?" कांचन म्हणाली.

"पाटी नाही. ते बघ."

पाइनच्या झाडांमागे विटांचा एक चौकोनी मनोरा दिसत होता. त्याच्या पायाशी बुटकं, लांबट चर्च, भोवती दगडी कुंपण आणि कुंपणाला कौलारू छपराचं लाकडी फाटक. नॉर्थ कॅरोलायनाच्या रताळ्याच्या शेतात कुणीतरी इंग्लंडचं खेडं आणून ठेवावं, तसं ते दिसत होतं.

आणि जवळपास तसंच झालंही होतं. फाटकाजवळच्या फलकावर लिहिलं होतं की डॉर्सेटहून आलेल्या एका जमीनदाराने आपल्या गावच्या चर्चची आठवण म्हणून, पावणेदोनशे वर्षांपूर्वी, हे सेंट ऑल्डेल्म बांधून घेतलं. इथे दगड मिळेना म्हणून विटा वापरल्या. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र मात्र तिकडूनच जहाजाने आणलं.

दार उघडंच होतं. आत मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. बसायच्या बाकांना खोक्यासारख्या भिंती होत्या आणि प्रत्येक खोक्याला छोटंसं दार. राजीव एका खोक्यात जाऊन बसला, दार लावून घेतलं, पुन्हा उघडलं. "कांचन, इथे ये, मस्त आहे! थंडीत वारा लागू नये म्हणून." मग त्याचं लक्ष वरच्या लाकडी गॅलरीकडे गेलं. तिथे जायला बाहेरून वेगळा, अरुंद जिना होता. त्याखालची पाटी त्याने वाचली आणि या खेपेला ती कांचनला मोठ्याने सांगितली नाही. ती तिने स्वतःच वाचली. ज्यांना गुलाम म्हणून ठेवलं होतं, त्यांना त्या गॅलरीत बसवत असत.

राजीव तिथेच थांबला. कांचन हळूहळू मागे, मनोऱ्याच्या बाजूला गेली. तिथे एक जाड हिरवा पडदा होता. पडदा सारून ती आत गेली तर एक उंच, चौकोनी खोली, आणि छतातल्या भोकांतून खाली सोडलेले सहा दोर, गोलाकार. प्रत्येक दोराला माणसाच्या उंचीवर लाल-पांढऱ्या लोकरीची जाडजूड पकड होती. त्यातले पाच दोर भिंतीला अडकवून ठेवले होते. एक मोकळा होता, तिच्या अगदी समोर.

देवळात शिरल्यावर हात जसा विचार न करता वर जातो, तसा तिचा हात वर गेला.

"थांबा! हात लावू नका!"

कांचन दचकून दोन पावलं मागे सरली. कोपऱ्यातल्या शिडीवरून एक उंच, किडकिडीत म्हातारी भराभरा खाली उतरत होती. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, अंगात कोपरावर रफू केलेला स्वेटर. तिच्या मागोमाग एक धिप्पाड काळा माणूस उतरला, हातात तेलाचा डबा.

"सॉरी," कांचन म्हणाली. "व्हेरी सॉरी. आमच्याकडे... म्हणजे मला सवय आहे."

"कसली सवय?"

"देवळात गेलं की घंटा वाजवायची. देवाला सांगायचं, मी आले."

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "चांगली पद्धत आहे. आम्ही गावाला सांगतो. देवाला ठाऊक असतंच, असं आम्ही धरून चालतो." आणि ती हसली. "मी हॅझल. हा ओटिस. मी ओरडले, कारण ती घंटा आत्ता वर उलटी उभी आहे. तोंड आकाशाकडे. तुमच्या-माझ्यासारख्या तिघीचौघींइतकी जड आहे. चुकीचं ओढलं असतं तर दोराने तुम्हाला वर नेलं असतं."

पडद्यामागून राजीव धावत आला. "काय झालं? कोण ओरडलं?"

"मी जरा वर जाणार होते," कांचन म्हणाली, आणि स्वतःलाच आश्चर्य वाटावं इतकी मनापासून हसली.

हॅझल मूळची इंग्लंडमधल्या डेव्हनची. तिचा नवरा फ्रँक इथलाच. लग्नानंतर तो तिला इथे घेऊन आला तेव्हा ती एकाच गोष्टीसाठी झुरायची, ती म्हणजे घंटा. इंग्लंडमध्ये गावागावांत माणसं दोर धरून घंटा वाजवतात, तशा. तिकडचं एक चर्च बंद होतंय असं कळल्यावर फ्रँकने पाच-सहा वर्षं खटपट करून तिथल्या सहा घंटा इकडे आणल्या आणि शेतकऱ्यांच्या मदतीने मनोऱ्यात चढवल्या. ओटिसचे वडील त्या शेतकऱ्यांत होते. तेव्हा वाजवणारे दहाबारा जण होते. कुणी गेले, कुणी गाव सोडलं, आणि फ्रँकही गेला. आता उरले होते दोघं. दोघांत सहा घंटा वाजत नाहीत. तरी दर शनिवारी हॅझल आणि ओटिस येऊन घंटांना तेल देत आणि एकेक घंटा वाजवून बघत, गंज चढू नये म्हणून.

"पण सहाच्या सहा का लागतात?" कांचनने विचारलं.

"एकामागून एक वाजवायच्या. बारकीपासून जाडीपर्यंत. मग शेजारच्या दोघी जागा बदलतात. मग आणखी दोघी. दर वेळी क्रम नवा. एकदा वाजलेला क्रम पुन्हा यायचा नाही. सहा घंटांचे असे क्रम होतात—"

"सातशे वीस," कांचन म्हणाली.

हॅझलने भुवया उंचावल्या. "तुम्ही काय करता?"

"काही नाही," कांचन म्हणाली. "रिटायर झालेय."

"शनिवारी सकाळी मोकळ्या असता?"

कांचनने राजीवकडे बघितलं. राजीव म्हणाला, "हिला फार ताकद नाही हो. आणि बासष्टची आहे."

"मी एक्याऐंशीची आहे," हॅझल म्हणाली. "ताकद नको. ताकदवान माणसांचाच फार त्रास होतो."

निघताना ओटिसने गाडीत रताळ्यांचं खोकं ठेवलं. शेत त्याचंच होतं. पैसे घ्यायला तो तयार होईना. म्हणाला, "शनिवारी या, मग बघू."

पुढच्या शनिवारी कांचन गेली. राजीव 'फक्त ड्राइव्ह करायला' बरोबर गेला.

पहिले काही आठवडे तिला घंटा नुसती शिव्या देतेय असं वाटायचं. दोर दोन वेळा ओढायचा असे. एकदा लोकरीची पकड धरून, आणि घंटा पूर्ण गिरकी घेऊन परत आली की एकदा दोराचं टोक धरून. मधल्या वेळात दोर छताकडे सुळकन जायचा आणि लोकर डोळ्यांसमोरून वर-खाली पळायची. सुरुवातीला एक खेप कांचन ओढायची, दुसरी हॅझल. दोघींचे हात एकाच दोरावर. हॅझल सारखी म्हणायची, "ओढू नका. सोडायला शिका. ती आपली आपण येते. तिला येऊ द्या."

कांचनला काही सोडायची सवय नव्हती. नोकरीत ती एकेक आकडा घट्ट धरून बसायची. लेकीचं सामान पॅक करताना तर ऋताने तिला खोलीबाहेर काढलं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी ओटिस खिडकीत बसून सफरचंद खात होता, राजीव भिंतीवरचे जुने फोटो वाचत होता आणि कांचन दोर धरून उभी होती. चार खेपा झाल्या, पाच झाल्या. मग तिच्या लक्षात आलं की हॅझलचे हात दोरावर नाहीत. हॅझल हात पाठीमागे बांधून खिडकीशी उभी होती.

"हॅझल! अहो, हॅझल!"

"माझ्याकडे बघू नका. वाजवा."

कांचन वाजवत राहिली. वर कुठेतरी ती जड गोष्ट उलटत होती, पालटत होती आणि मनोरा अगदी किंचित हलत होता. बाहेर शेतावर टण्ण, टण्ण असा स्वच्छ आवाज जात होता, आणि तो आवाज ती करत होती. घंटा थांबवून तिने दोर बांधला आणि राजीवच्या खांद्यावर डोकं ठेवून हसू लागली, थांबेचना.

त्याच रात्री तिने ऋताला फोन केला. "क्लास लावलाय मी," म्हणाली.

"कसला? झुंबा?"

"घंटा वाजवायचा."

"आई, आर यू ओके?"

राजीवला मात्र आता राहवेना. "चौथी घंटा जरा दाखवा ना," असं तो हॅझलला म्हणाला, आणि फक्त ड्राइव्ह करायला येणारा माणूस बायकोच्या शेजारी दोर धरून उभा राहिला. त्याला तालाशी कधीच देणंघेणं नव्हतं. आरतीतही तो टाळ्या मधेच वाजवायचा. पण चिकाटी दांडगी.

तरी माणसं चारच झाली. उरलेले दोन दोर भिंतीला अडकलेलेच. डिसेंबरात ओटिस एक बातमी घेऊन आला. त्याची मुलगी नाओमी मे महिन्यात लग्न करणार होती, आणि याच चर्चमध्ये. लहानपणी ती शेतात बसून या घंटा ऐकायची. तिने बापाला विचारलं होतं, माझ्या लग्नात वाजतील का?

"तू काय सांगितलंस?" हॅझलने विचारलं.

"म्हटलं, विचारतो." ओटिसने टोपी हातात फिरवली. मग राजीवकडे वळून म्हणाला, "तुम्ही वरची गॅलरी बघितली आहे. माझ्या आजीची आजी तिथे बसायची. नाओमी खाली, मधल्या वाटेने चालत जाणार आहे. त्या दिवशी सगळ्या घंटा वाजाव्यात असं मलाही वाटतं."

कांचन म्हणाली, "मी दोन माणसं आणते."

तिच्या डोळ्यांसमोर होते परीक्षित आणि इशिता. परीक्षित नागपूरचा, इशिता ठाण्याची. नवरा-बायको दोघं सॉफ्टवेअरमध्ये आणि मॉरिसव्हिलच्याच ढोल-ताशा पथकात. गणपतीच्या मिरवणुकीत परीक्षितचा ताशा सुरू झाला की पार्किंग लॉटमधली मुलं आपोआप नाचायला लागत. इशिता ढोल वाजवायची, न थकता.

परीक्षित आधी जरा बिचकला. "काकू, चर्चमध्ये आपलं काय काम? त्यांना चालेल का?"

कांचनने हा प्रश्न हॅझललाच विचारायला लावला. हॅझल म्हणाली, "मुला, इंग्लंडमध्ये घंटा वाजवणारे निम्मे लोक प्रार्थना सुरू झाली की मागच्या दाराने पबमध्ये जातात. इथे एकच नियम. घंटेशी प्रामाणिक राहायचं."

"हे जमेल," परीक्षित म्हणाला.

जमेना. म्हणजे इशिताला लगेच जमलं, पण परीक्षितला नाही. तो दोन काड्यांनी ताशावर पाऊस पाडणारा माणूस. इथे दोर ओढल्यावर घंटा आपल्या सवडीने फिरायची आणि मग वाजायची. "अरे यार, हे काय करून राहिलो आपण!" तो कपाळ पुसत म्हणायचा. "काडी पडली की आवाज यायला पाहिजे ना! ही बाई तर विचार करून उत्तर देते."

"म्हणून तिच्या आधी तू विचार करायचा," इशिता म्हणाली. "घरी पण तसंच कर."

ओटिसला याचं भाषांतर करून सांगावं लागलं. तो इतका हसला की त्याने दोर बांधून ठेवला आणि बाहेर जाऊन आला.

हिवाळाभर ते सहा जण दर शनिवारी जमत. मनोऱ्यात हीटर नव्हता. इशिता थर्मासमधून आल्याचा चहा आणायची, हॅझल घट्ट फ्रूटकेक, आणि कांचन कधी थालीपीठ, कधी साबुदाण्याची खिचडी. हॅझल खिचडी चमच्यावर धरून बघायची. "हे दाणे आहेत की मोती?" म्हणायची आणि आणखी वाढून घ्यायची. सहाच्या सहा घंटा एकदम सुरू केल्या की पहिली दोन मिनिटं भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं वाटायचं. मग हॅझल ओरडायची, "चार, लवकर आलात! पाच, झोपलात का?" चार म्हणजे राजीव. राजीव म्हणे, "मी वेळेवर आहे, बाकीचे उशिरा येतात."

मार्चमध्ये राजीवने घंटा जास्तच जोरात ओढली. वर घंटेला थोपवून धरणारा एक लाकडी दांडा असतो. तो कडाड् करून मोडला. घंटा पलटी होऊन पुढे गेली आणि दोर वर धावला. "सोडा!" हॅझल किंचाळली. राजीवने दोर सोडला, पण एक क्षण उशिरा. तेवढ्यात तो जमिनीवरून हातभर उचलला गेला आणि मग धपकन बसला.

सगळे धावले. तो फरशीवर पाय पसरून बसला होता. दोन्ही तळवे लाल झाले होते.

"लागलं का?" कांचन त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. "राजीव, बोल काहीतरी!"

"मी उडालो," राजीव म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. "कांचन, तू बघितलंस? मी उडालो!"

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिचे डोळे भरून आले. हॅझलने त्याची बोटं एकेक करून हलवून पाहिली. सगळं शाबूत होतं. "प्रत्येकजण आयुष्यात एकदा तरी दांडा मोडतो," ती म्हणाली. "माझ्या फ्रँकने दोन मोडले. आता तुम्ही खरे आमच्यातले." ओटिसने दुसऱ्या दिवशी आपल्या शेतातल्या ॲशच्या लाकडाचा नवा दांडा घडवून बसवला, आणि राजीव त्यानंतर खरोखरच हलक्या हाताने वाजवायला लागला.

लग्नाच्या दिवशी ऊन लख्ख होतं. गावातली आणि गावाबाहेरची इतकी माणसं आली की फाटकापासून शेताच्या टोकापर्यंत गाड्या लागल्या. खोक्यांसारखे बाक खच्चून भरले. वरच्या गॅलरीत मात्र नाओमीने कुणालाच बसू दिलं नव्हतं. तिथे तिने कठड्यावर नुसती पांढरी फुलं ठेवली होती.

कांचनने हिरवी पैठणी नेसली होती. पदर घट्ट खोचून, पायात कॅनव्हासचे बूट. इशिताही साडीत, परीक्षित कुर्त्यात, राजीव सुटात. पाच जण पडद्याआड आपापल्या दोराशी उभे होते. ओटिस तिकडे मुलीचा हात धरून मधल्या वाटेने चालत होता. ठरलं असं होतं की लग्न लागलं की तो गर्दीतून मागे येईल, सहावा दोर धरेल आणि नवरानवरी चर्चच्या दारातून बाहेर पडताना घंटा सुरू होतील.

पडद्याच्या फटीतून इशिता बघून सांगत होती. "अंगठ्या झाल्या... किस झाला... सगळे उभे राहिले. ओटिस निघाला. अरे देवा."

"काय झालं?"

"एका आत्याने पकडलं. आता दुसऱ्या आत्याने."

तिकडे नवरानवरी दाराकडे निघाली होती. ओटिस मात्र तीन पावलांवर एकाच्या मिठीत, चार पावलांवर दुसऱ्याच्या. लेकीचं लग्न लागलेल्या बापाला कोण सोडणार? हॅझल तिसऱ्या दोराशी ताठ उभी होती. तिने सहाव्या, रिकाम्या दोराकडे बघितलं. ती सगळ्यात जड घंटा. ओटिसशिवाय ती कुणाला पेलणार नव्हती.

"पाचांवर सुरू करू," हॅझल म्हणाली. "नाओमी दारात पोचेल."

"नको," कांचन म्हणाली. एवढ्या महिन्यांत ती हॅझलला पहिल्यांदाच नाही म्हणत होती. "परीक्षित, तुझा आवाज मोठा आहे. हाक मार त्याला!"

परीक्षितने पडदा बाजूला केला आणि मिरवणुकीत गर्दीला मागे सारणारा आपला नागपुरी आवाज लावला. "ओटिस भाऊ! चला!"

अख्खं चर्च वळून बघायला लागलं. नाओमी दाराजवळ थांबली, मागे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "डॅडी, जा!" लोकांनी वाट करून दिली. ओटिस पळत आला. पळता पळता त्याने कोट काढून कुणाच्या तरी हातात दिला, गालावर दोन-तीन लिपस्टिकचे ठसे, डोळे ओले. सहाव्या दोराशी उभं राहून त्याने तळहातांवर फुंकर मारली.

सुरुवात करायचं काम पहिल्या घंटेचं, म्हणजे कांचनचं. सगळ्यांना सावध करायचं, मग 'निघाली' म्हणायचं, मग 'गेली'. इंग्रजीतले ते ठरलेले शब्द तिने शेकडो वेळा म्हटले होते. तिने दोर धरला, तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "सांभाळा हं! निघाली... गेली!"

राजीव फिसकन हसला. ओटिसला एक अक्षर कळलं नसेल, पण त्याने मान डोलावली आणि वेळेवर दोर ओढला.

पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. पुन्हा. राजीव जरासा घाईत आला, पुढच्या फेरीला जागेवर बसला. परीक्षित ओठ आवळून, ताशाचा सगळा उतावळेपणा पोटात दाबून वाट बघत होता आणि नेमक्या क्षणी ओढत होता. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर कांचनला आपला आणि दुसऱ्याचा आवाज वेगळा ऐकू येईना. सहा जणांचं मिळून एकच काहीतरी वर फिरत होतं. मग हॅझल दोघी-दोघींना जागा बदलायला सांगू लागली. "दोन, तीनच्या मागे! चार, पाचच्या मागे!" क्रम बदलला, पुन्हा बदलला, आणि कोसळलं काही नाही. बाहेर लोक ओरडत होते. कुणीतरी गाडीच्या टपावर ठेका धरला होता. हॅझलने कांचनकडे एकदाच पाहिलं. त्या करड्या डोळ्यांत इतका आनंद होता की कांचनने नजर चटकन दोराकडे वळवली, नाहीतर चुकली असती.

हॅझलने "स्टँड" म्हटलं आणि सहाही घंटा एकामागून एक थांबल्या. मनोऱ्यात थोडा वेळ नुसता गुणगुणत्या हवेचा आवाज. मग पडदा फाडल्यासारखा उघडून नाओमी आत आली, पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून, आणि आधी बापाच्या, मग हॅझलच्या, मग ओळीने सगळ्यांच्या गळ्यात पडली. राजीवचा चष्मा तिच्या डोक्यावरच्या जाळीत अडकला. तो सोडवायला दोघी लागल्या.

जेवण शेताच्या कडेला, झाडांखाली मांडलं होतं. भाजलेलं मांस, कॉर्नब्रेड, रताळ्यांची गोड पाई, आणि कांचनने केलेल्या नारळाच्या वड्यांचं एक मोठं ताट. ते सगळ्यात आधी रिकामं झालं. हॅझल बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून बसली होती. तिच्या एका बाजूला इशिता, दुसऱ्या बाजूला परीक्षित. तो दोन मुलींना टेबलावर ताशाचा हात दाखवत होता. राजीव नवऱ्या मुलाच्या काकांना चर्चचा इतिहास सांगत होता आणि काका, कमाल म्हणजे, प्रश्न विचारत होते.

ओटिसची म्हातारी मावशी व्हीलचेअरवर त्या टेबलाशी आली. नव्वदीची असेल. डोक्यावर जांभळी, मोठ्या काठाची हॅट. तिने काठीने कांचनच्या खुर्चीला टोचलं.

"तूच का ती पहिली वाजवणारी?"

"हो, मावशी," कांचन म्हणाली. 'मॅम' म्हणायचं होतं, पण तोंडातून गेलं ते गेलंच.

"एवढंच वाजवता तुम्ही लोक?" म्हातारी म्हणाली. "माझ्या एका कानाला कमी ऐकू येतं. मशीन नीट लावेपर्यंत तुम्ही थांबलात. मी आत्ता कुठे ऐकायला लागले होते."

कांचनने हॅझलकडे बघितलं. हॅझलच्या ताटात रताळ्याची पाई अर्धी राहिली होती. तिने ती एका घासात संपवली, हात पुसले आणि वाकून बूट चढवायला लागली.

"सात-आठ महिन्यांपूर्वी मला विचारलं असतं ना," ती कांचनला म्हणाली, "तर मी म्हटलं असतं, आता पुरे."

"आणि आता?"

"आता नाडी बांधून दे. मला वाकवत नाही."

कांचनने गवतावर बसून तिच्या बुटाची नाडी बांधली. ओटिसने मावशीची खुर्ची मनोऱ्याच्या दाराच्या बाजूला, अगदी भिंतीला लावून उभी केली, बरा असलेला कान भिंतीकडे. परीक्षित तोंडात कॉर्नब्रेड तसाच ठेवून उठला. राजीव तर आधीच अर्ध्या वाटेवर होता. कोट खुर्चीवर टाकून, बाह्या दुमडत, गवतातून जवळजवळ पळत चालला होता.